रंगरावांचा सत्कार

रंगराव गाडेकरांना काळभैरव स्पोर्टिंगबद्दल काही विचारायचं म्हणजे हातातलं काम उद्यावर ढकलून विचारायचं. मी एकदाच विचारलं होतं, शेजारी नवीन राहायला आलो तेव्हा. "काका, ही टीम कशी आहे हो?" बास. चहा गार झाला, माझी चाकणची कंपनीची बस गेली, आणि रंगराव अजून गोलकीपरच्या हातमोज्यांवरच होते.

माणूस मूळचा जालन्याकडचा, अंबड तालुक्यातला. पिंपरीच्या एका कारखान्यात लेथवर हयात घालवली, आता रिटायर. दापोडीत रेल्वेलाइनच्या बाजूच्या गल्लीत ते आणि इंदुताई. विशीत इथं आले तेव्हा ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं. पहिल्याच रविवारी नदीकडच्या मैदानावर फुटबॉल चाललेला दिसला म्हणून उभे राहिले, आणि कुणीतरी सरकून बसायला जागा दिली. त्या जागेवर ते चाळीस वर्षं बसले. रात्रपाळी करून, डोळे तांबडे घेऊन, पण रविवार चुकला नाही. बोलायला माणसं तिथं मिळाली, खोली तिथल्या ओळखीनं मिळाली, फार काय, इंदुताईंचं स्थळही त्या मैदानावरच कुणीतरी सुचवलं.

एवढं सगळं त्या क्लबनं दिलं म्हणून क्लबबद्दल चांगलं बोलतील असं वाटत असेल तर विसरा. उठल्यापासून झोपेपर्यंत शिव्या.

"फॉरवर्ड म्हणे! अरे, त्याला गोलपोस्ट दाखवायला सोबत माणूस द्या." "कोच गोव्याचा आणलाय म्हणायलेत. गोव्याला जाऊन आलाय इतकंच, अन् तेबी मित्रांसोबत." "पाच वर्षांत देशाच्या मोठ्या लीगमध्ये खेळणार म्हणे. ह्यांना आधी पिंपरीपर्यंत वेळेवर पोचू दे."

आणि पैशावर आले की आवाज वर चढायचा. "भावा, क्लबचा पैसा कुठं जातो सांगू? शालीत जातो. शालीत, नारळात अन् फ्लेक्सवर."

हे मात्र खरं होतं. आमच्या क्लबात मॅच कमी आणि सत्कार जास्त. हाफटाइम झाला रे झाला की चार कार्यकर्ते खुर्च्या उचलून थेट मैदानाच्या मधोमध मांडणार. बाजूला नाही, मधोमधच, कारण फोटोत मागं पब्लिक दिसायला पाहिजे. मग टेबल, टेबलावर पांढरी चादर, स्पीकर, माईक. अमक्या भाऊंनी पाण्याच्या बाटल्या दिल्या, घाल शाल. तमक्या भाऊंचा वाढदिवस, फोड नारळ. एकानं तर नुसतं "मदत करतो" म्हटलं म्हणून त्याला फेटा बांधला, आणि फेटा घेऊन तो जो गेला तो गेलाच. तोवर आमचे खेळाडू कडेला केळी खात बसलेले. समोरची टीम हसायची. खेळाडूंच्या बुटांना तळ नव्हते, पण शालींचा अख्खा गठ्ठा क्लबच्या खोलीत पडून असायचा.

स्पॉन्सर म्हणजे चऱ्होलीचा एक बिल्डर. त्यानं जर्सी दिली, पाठीवर नंबरपेक्षा मोठं बिल्डिंगचं चित्र. आमची अकरा पोरं अकरा बिल्डिंगी पाठीवर घेऊन पळायची, आणि चऱ्होलीला जाऊन बघावं तर त्या जागेवर ज्वारी उभी. कोचचा पगार तीन महिने थकलेला. रंगराव म्हणायचे, "हे सगळं नुसतं कागदावर चाललंय. बिल्डिंगबी कागदावर अन् क्लबबी."

क्लबचे अध्यक्ष सोपानराव. इथलं जुनं घराणं, जमिनी विकून गब्बर झालेलं. पण नदीकडचं हे मैदान मात्र त्यांनी विकलं नव्हतं. ते त्यांच्याच सातबाऱ्यावर होतं. पोरं मागं लागलेली, तिथं लग्नाचं लॉन टाकू म्हणून. सोपानरावांनी पोरांना एकच सांगून ठेवलेलं, सगळ्यांच्या समोर, "क्लब फर्स्ट डिव्हिजनला हाय तवर मैदानाला हात लावायचा न्हाई. खाली गेला की मग तुमी आन् तुमचं लॉन." शब्द पाळणारा माणूस, एवढं मानावं लागेल.

आणि मागच्या सीझनला आम्ही खाली जायच्या बेतात होतो. शेवटून दुसरे. जानेवारीतली शेवटची मॅच, आपल्याच मैदानावर. जिंकलो किंवा बरोबरी झाली तर वाचलो. हरलो तर फर्स्ट डिव्हिजन गेलं, आणि त्याच्या मागं मैदान गेलं. हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

रंगरावांची त्या आठवड्यात झोप उडाली होती. क्लबच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यांनी इतकं लिहिलं, इतकं लिहिलं, की सोपानराव वैतागले. पण सोपानराव म्हणजे मुरलेला माणूस. त्यांनी ओळखलं, की या माणसाचं तोंड शिव्या देऊन बंद होणार नाही. हार घालून होईल. दुसऱ्या दिवशी दोन माणसं घेऊन रंगरावांच्या दारात हजर.

"रंगराव, शेवटच्या मॅचला तुमचा सत्कार करायचा आमी ठरवलंय. ज्येष्ठ समर्थक म्हणून."

"माझा?" रंगराव तोंड वाकडं करून म्हणाले. "मला नकोत ही थेरं. त्या पैशात एक फुटबॉल घ्या."

"आवो, नाय म्हणू नका. चाळीस वर्षं बसलाय तुमी."

ते गेल्यावर रंगराव अर्धा तास माझ्यापुढं सत्कारांना शिव्या घालत होते. मी हो हो करत होतो. मग आतून इंदुताईंचा आवाज आला, "अहो, सफारीला इस्त्री करायची का बुशशर्टला?" रंगराव म्हणाले, "सफारीला कर." काय बोलणार! माणूस शेवटी माणूसच.

मॅच साडेतीनची. सुरू झाली सव्वाचारला, कारण प्रमुख पाहुणे हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकले होते आणि पाहुण्यांच्या हस्ते नाणेफेक केल्याशिवाय मॅच सुरू करायची नाही असा आमचा शिरस्ता. रेफ्री फौजेतून रिटायर झालेला, ताठ माणूस. त्यानं सोपानरावांना सगळ्यांसमोर बजावलं, "लाइट नाहीत मैदानावर. तुमच्यामुळं उशीर होऊन खेळ पूर्ण झाला नाही, तर मॅच समोरच्या टीमला जाईल. नियम आहे." सोपानराव म्हणाले, "व्हय व्हय, होतंय सगळं टायमात."

आणि खेळले हो आमचे! त्या दिवशी काय अंगात आलं होतं कुणास ठाऊक. गोलकीपर प्रज्वलनं, चाकणला कॉन्ट्रॅक्टवर काम करणारा पोरगा, ओव्हरटाइम सोडून आलेला, दोन बॉल असे अडवले की माझ्या अंगावर काटा आला. आणि ज्या फॉरवर्डला रंगराव गोलपोस्ट दाखवायला निघाले होते त्यानंच डोक्यानं गोल मारला. एक-शून्य. रंगराव उठून उभे राहिले, माझा दंड धरून ओरडले, "घातला रे घातला! आंधळ्यानं घातला!" डोळ्यांत पाणी. मी चेष्टा करणार होतो, पण केली नाही.

हाफटाइम झाला. निघाल्या खुर्च्या मैदानाच्या मधोमध.

पाहुण्यांचा सत्कार झाला, बिल्डरचा झाला, स्पीकरवाल्याचाही झाला. मग रंगराव. शाल, नारळ, हार. टाळ्या खरोखरच जोरात पडल्या. लोकांना हा शिवराळ म्हातारा आवडायचा. रेफ्रीनं कडेवरून शिट्टी वाजवली. तेवढ्यात सूत्रसंचालक म्हणाला, "रंगराव काकांनी दोन शब्द बोलावेत." आणि माईक त्यांच्या हातात दिला.

चाळीस वर्षं या माणसाला कडेला बसून ओरडायची सवय. आज पहिल्यांदा त्याचा आवाज नदीपलीकडं गेला.

"मला दोन शब्द बोला म्हणायलेत," रंगराव म्हणाले. "दोन शब्दांत ह्यांचा हिशोब मावत न्हाई."

लोक खदखदून हसले. मग काय विचारता! बुटांपासून सुरुवात झाली. बुटांवरून शालींवर, शालींवरून कोचच्या थकलेल्या पगारावर. बिल्डरकडं बोट करून विचारलं, "साहेब, तुमची बिल्डिंग आमच्या पोरांच्या पाठीवर किती दिवस राहणार? ज्वारी कधी काढताय?" बिल्डर घाम पुसायला लागला. पाहुणे मोबाइल बघायला लागले. पब्लिक शिट्ट्या मारतंय, फोनवर शूटिंग करतंय. मीही करत होतो. एकेक शब्द खरा होता आणि आमच्यातल्या कुणाचीच तो बोलायची छाती नव्हती.

रेफ्रीनं दुसऱ्यांदा शिट्टी वाजवली. प्रज्वल आणि बाकीची पोरं रेषेवर येऊन उभी राहिली. आत येणार कशी? मधोमध टेबल, खुर्च्या, पाहुणे आणि रंगराव. सोपानरावांनी हळूच सफारीची बाही ओढली, "रंगराव, आटपा आता." रंगरावांनी बाही सोडवून घेतली आणि माईकवरच म्हणाले, "आता कसं आटपा म्हणायलेत! तुमचे सत्कार चालले तवा कुणी आटपा म्हटलं नव्हतं." टाळ्यांचा नुसता कडकडाट.

आपल्याकडं सत्कारमूर्तीच्या हातातला माईक कुणी काढून घेत नाही. स्पीकरवाला स्पीकर बंद करत नाही. बाप मेला तरी भाषण पुरं होऊ देतात, तसली आपली रीत. रेफ्री तिसऱ्यांदा शिट्टी वाजवून स्वतः टेबलापर्यंत चालत आला. रंगराव त्याला हात जोडून म्हणाले, "साहेब, मी चाळीस वर्षं थांबलोय. तुम्ही पाच मिनिटं थांबा." लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. रेफ्रीनं एकदा आकाशाकडं बघितलं आणि तो गपचूप कडेला जाऊन उभा राहिला.

खुर्च्या हलल्या तेव्हा ऊन गेलं होतं. दुसरा हाफ सुरू झाला. आमची पोरं एवढा वेळ उभी राहून आखडून गेलेली, पण टिकून होती. एक-शून्यच. मग नदीकडून अंधार यायला लागला. बॉल दिसेना. प्रज्वल एकदा बॉल सोडून नुसत्या आवाजाच्या दिशेनं झेपावला. रेफ्रीनं शिट्टी वाजवली, बॉल काखेत घेतला आणि सोपानरावांसमोर उभा राहिला. "मी सांगितलं होतं," एवढंच म्हणाला. मॅच समोरच्या टीमला.

रंगराव आपल्या जागेवर गळ्यात हार घालून बसलेले. त्यांनी मला विचारलं, "का थांबवली रे?" मी सांगितलं. त्यांना ते पुन्हा सांगावं लागलं.

आता तुम्हाला वाटेल, लोकांनी त्यांना फाडून खाल्लं असेल. छे! फाडून खाल्लं असतं तर बरं झालं असतं. लोकांनी डोक्यावर घेतलं. भाषणाचा व्हिडिओ गावभर फिरला, हिंजवडीच्या आयटीवाल्यांनी हसणाऱ्या इमोजींसकट पुढं पाठवला. वाण्याच्या दुकानात, सलूनमध्ये, जो तो रंगरावांचा हात हातात घेतोय. "काय झापलं राव तुम्ही!" "काका, नाद नाही करायचा तुमचा!" दुसरा हाफ कुणाच्या लक्षातही नव्हता. रंगराव आधी हसले, मग नुसती मान हलवायला लागले, मग घराबाहेर पडेनात.

पंधरा दिवसांनी मैदानावर जेसीबी आला. सोपानरावांच्या पोरांनी लॉनच्या कुंपणाचे खड्डे काढायला घेतले. सोपानराव मला म्हणाले, "शेखर, शब्द म्हंजे शब्द. आमी तरी काय करणार?" आणि म्हणे उद्घाटनाला दोन शब्द बोलायला रंगरावच पाहिजेत, पब्लिक खूश होतं. मी काय उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

त्या रविवारी मी रंगरावांना ओढूनच मैदानाकडं नेलं. प्रज्वल क्लबच्या खोलीतून जाळी काढत होता, दुसऱ्या क्लबला द्यायला. रंगराव त्याच्याजवळ गेले. म्हणाले, "पोरा, तू तरी मला शिवी दे."

प्रज्वलनं जाळीची गुंडाळी खाली ठेवली. शिवी दिली नाही. "काका," तो म्हणाला, "आपण जिंकत होतो हो." आणि जाळी खांद्यावर टाकून निघून गेला.

रंगराव तिथंच मातीच्या ढिगावर बसले आणि रडले. मोठ्यानं, नाक वाहीपर्यंत. जेसीबीवाल्यानं मशीन बंद करून बघितलं आणि परत सुरू केलं. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांना तिथून उचलून घरी न्यावं असंही वाटत होतं.

बऱ्याच वेळानं त्यांनी तोंड पुसलं. "शेखर, मी खोटं काय बोललो का रे?"

"नाही काका. सगळं खरं बोललात."

"मग कुठं थांबायला पायजे होतं मी?"

"पहिल्या शिट्टीला," मी म्हणालो.