लॅमिनेट केलेली चिठ्ठी

"हे हाड मरत चाललंय," डॉक्टरबाईंनी माझ्या खुब्याच्या एमआरआयवर बोट ठेवलं. "प्रेडनिसोलोन किती दिवस घेतलंत?"

प्रेडनिसोलोन म्हणजे स्टेरॉइड. मी म्हणालो, पाचेक दिवस, दम्यासाठी.

शेजारी बसलेल्या माझ्या अक्कानं पर्समधून एक चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. दोन वर्षांपूर्वीची, पाच दिवसांच्या गोळ्यांची. फाटू नये म्हणून मी ती लॅमिनेट करून घेतली होती. मल्लेश्वरममधले आमचे कन्नड मेडिकलवाले अण्णा ती दर वेळी लांबून पाहूनच "सरी", म्हणजे ठीक, म्हणत आणि गोळ्या काढत.

बाईंनी चिठ्ठी उलटसुलट पाहिली. "इतक्या काळजीनं स्वतःचं वाटोळं करणारा पहिलाच पेशंट."

दुखण्याचं नाव अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस. म्हणजे हाडाचा रक्तपुरवठा आटतो, मांडीच्या हाडाचा वरचा गोळा आतून मरतो आणि एक दिवस चेपतो. चेपला की सांधाच बदलायचा, तोही माझ्या एकेचाळिसाव्या वर्षी. माझा अजून चेपला नव्हता.

त्यांनी स्टेम सेल थेरपी सुचवली. कमरेच्या हाडातली मज्जा काढायची, यंत्रात फिरवून तिच्यातल्या स्टेम सेल, म्हणजे नव्या पेशी घडवणाऱ्या मूळ पेशी, वेगळ्या करायच्या आणि हाडाच्या गोळ्याला भोक पाडून आत सोडायच्या. "खात्री देत नाही, प्रयत्न करू," बाई म्हणाल्या. स्टेरॉइडच्या गोळ्याही मनानं बंद करायच्या नाहीत, छातीचे डॉक्टर हळूहळू उतरवतील, असं बजावलं.

ऑपरेशनला कमरेखाली बधिर होतो. ड्रिल ऐकून वाटलं, वरच्या मजल्यावर कुणी कपाटं बसवतंय.

सहा आठवडे त्या पायावर भार द्यायचा नव्हता. तिसऱ्याच दिवशी मी कुबड्या भिंतीला टेकवून कॉफी करायला उभा राहिलो. अक्का कॉफीचा फिल्टर उचलून शेजारच्या तिच्या घरी घेऊन गेली. पुढचा प्रत्येक पेला तिनं आणून दिला.

जुन्या चिठ्ठीवर गोळ्या घेणाऱ्यांनो, जांघेत दुखलं तर लगेच दाखवा. मी सहा महिने बुटांना दोष देत तीन जोड बदलले.

वर्षानं पुन्हा एमआरआय झाला. वेटिंग रूममध्ये आम्ही भाऊबहीण एकमेकांकडे बघत नव्हतो. आत गेल्यावर बाई म्हणाल्या, "गोळा जसाच्या तसा आहे. चेपला नाही."

अक्कानं माझ्या पाठीवर थाप मारली, जरा जोरातच.

मग माझं लक्ष टेबलाच्या काचेखाली गेलं. नव्या पेशंटना दाखवायला बाईंनी माझी चिठ्ठी तिथं ठेवली होती. नावावर मात्र आठवणीनं चिकटपट्टी लावली होती. हाडाबरोबर त्यांनी माझी अब्रूही वाचवली.