एकट्या दादाला समजलेलं भाषण

“माईक बंद केला तरी मी बोलेनच.”

रेवा तेव्हा सात वर्षांची होती. ग्वाल्हेरच्या नया बाजारातल्या आमच्या मंडळाच्या गणपतीत तिचं भाषण लांबलं, कुणीतरी खूण केली आणि माईक बंद झाला. ती दोन पावलं पुढे आली, हे वाक्य म्हणाली आणि उरलेलं भाषण घसा ताणून पूर्ण केलं.

रेवा माझी भाची. दादाची एकुलती एक.

आज तिला जाऊन वर्ष झालं.

दादा इथल्याच एका विद्यापीठात, परीक्षा विभागात आहे. दीक्षांत समारंभाच्या आदल्या दिवशी तिथे पूर्ण रिहर्सल होते. मिरवणूक, पदकं, भाषणं, सगळं. खरे कुलाधिपती, म्हणजे राज्यपाल, दुसऱ्या दिवशी येतात. रिहर्सलला त्यांच्या खुर्चीत ऑफिसातलं कुणीतरी बसतं. बरीच वर्षं दादाच बसायचा.

काम एकच. समोरून “अनुमति प्रदान करें” असं आलं की गंभीर चेहरा करून म्हणायचं, “अनुमति है.”

घरात यावरून त्याची काय चेष्टा व्हायची!

“कुलाधिपती महोदय, शिवानीबरोबर पिक्चरला जायचंय. अनुमति प्रदान करें.”

“कुठला पिक्चर? परत कसं येणार?”

“बाबा, कुलाधिपती एवढ्या चौकश्या करत नाहीत.”

“बरं बाई. अनुमति है.”

मागच्या वर्षी रेवाचं एमएस्सी झालं आणि विद्यार्थ्यांच्या वतीने बोलायला तिचीच निवड झाली. भाषण हिंदीत. आधी तपासून, मंजूर झालेलं. वहिनीने आपली पैठणी काढून ठेवली. मी सराफ्यातून मोत्यांच्या कुड्या आणल्या.

रिहर्सलला माईक चालू नव्हता. साउंडवाल्यांच्या वायरी अजून टाकून व्हायच्या होत्या. खाली मुलांचा नुसता कल्ला. रेवा तशीच बोलली. मंचावर तिच्या मागे, कुलाधिपतींच्या खुर्चीत, दादा.

मंचाच्या पायऱ्यांवर तिची मैत्रीण शिवानी उभी होती. तिने मला नंतर सांगितलं.

“बुआजी, लास्ट में वो अंकल की तरफ़ मुड़ी और मराठी में कुछ बोली. दो-तीन लाइन. हमको तो बस ‘बाबा’ समझ आया.”

“और दादा?”

“अंकल ने सिर हिला दिया. बोले, ये सब हटाओ, जो मंज़ूर हुआ है वही पढ़ना है. हिंदी में बोले, सबके सामने.”

दादा कठोर नाही हो. ऑफिसातल्याच्या मुलीला सूट मिळाली असं कुणी म्हणू नये, एवढंच त्याच्या मनात असणार. मी ओळखते त्याला.

रेवा त्याच्याबरोबर घरी परतणार होती. ती थांबली नाही. शिवानीची स्कूटी घेऊन एकटी निघाली.

वळणावर ट्रॅक्टर-ट्रॉली होती.

हेल्मेट होतं डोक्यावर. उपयोग झाला नाही.

दुसऱ्या दिवशी समारंभ झाला. पाहुण्यांची तारीख बदलत नाही. विद्यार्थ्यांचं भाषण कार्यक्रमातून गाळलं. त्या वेळी आम्ही मुक्तिधामात, स्मशानात होतो.

मंजूर झालेलं भाषण आहे आमच्याकडे. छान आहे. बिनचूक आहे. त्यात रेवा कुठेच नाही.

रेवा होती ती त्या दोन-तीन मराठी वाक्यांत. ती तिने कुणाला आधी सांगितली नव्हती, कुठे लिहिलीही नव्हती. आणि जी मुलं मंचाजवळ होती, त्यांतल्या कुणालाच मराठी येत नव्हतं. ग्वाल्हेरमध्ये हे असंच आहे. आपण आपली भाषा घरात बोलतो, बाहेर कुणाला कळत नाही म्हणून बिनधास्त बोलतो. माझी भाची शेवटचं तसंच बोलली. ज्याला कळलं तो एकटा दादा.

आणि दादा सांगत नाही.

तेराव्याला मी विचारलं, “काय म्हणाली रे ती?”

“काही नाही.”

“दादा...”

“काही नाही म्हटलं न.”

दिवाळीत वहिनीने विचारलं, तर भरल्या ताटावरून उठून गेला. तेव्हापासून ती त्याला विचारत नाही. मला फोनवर म्हणते, “अगं, माझी मुलगी शेवटचं काय बोलली ते मलाच कळू नये?”

दोघं एका घरात राहतात. भाजी काय आणू, गॅसवाला आला होता का, एवढंच बोलतात.

पूर्वी मला वाटायचं, रेवा त्याला काही लागेल असं बोलली असेल. आता तसं वाटत नाही. तसं असतं तर त्याने सांगून टाकलं असतं आणि खाली मान घालून बसला असता. बहुतेक ती काहीतरी फार चांगलं बोलली. त्याच्याबद्दल. आणि त्यावर तो म्हणाला, हटाओ.

म्हणूनच ते त्याच्या तोंडून बाहेर पडत नसणार.

यंदाचा समारंभ पुढच्या आठवड्यात आहे. दुसरी कुणी मुलगी बोलेल. दादाने ऑफिसात सांगून टाकलंय, त्या खुर्चीत आता दुसऱ्याला बसवा.

दादा फेसबुकवर नाही. वहिनी, हे त्याला तू वाचून दाखव. तो “बंद कर ते” म्हणेल. शेवटपर्यंत वाच.

रेवा, बाळा, तुझ्या कुड्या माझ्या कपाटात आहेत. तू त्या घालून एकदा आरशात बघितलंस, तेवढंच. सुखात राहा, जिथे असशील तिथे. आत्याचा नमस्कार घे. मोठ्यांनी लहानांना करू नये म्हणतात, पण घे.

आणि दादा, ती वाक्यं सांग. मला नको सांगूस. वहिनीला सांग. हवं तर दार लावून घे, तिच्याकडे पाठ करून बस, पण सांग.

तू नाही म्हणणार, मला माहीत आहे.

तरी मागते. कुलाधिपती महोदय, अनुमती द्या.