बिनतिकिटाचं पाकीट

आर्णीचा पोस्टमन नागोराव म्हणजे खुळ्यांचा सरदार, असं आम्ही सगळेच म्हणायचो. शौकीन लोक राजाच्या मुंडक्याची तिकिटं जमवतात. हा गडी लढाईच्या काळातली पाकिटं जमवायचा, आणि त्यांतल्या कित्येकांवर तिकीटच नव्हतं! नुसते फौजी टपालाचे आणि पत्र तपासल्याचे शिक्के. लढाईवरून आलेलं पत्र तो घरच्यांना वाचून दाखवी आणि मग रिकामं पाकीट हात जोडून मागून घेई, आपल्या पेटीत ठेवी. न विचारता त्याने चिटोराही उचलला नाही.

त्याचा सगळ्यात जीव होता रामसिंगच्या पाकिटावर. तांड्यावरचा रामसिंग पलटणीत खेचरं हाकायला गेला आणि बर्मातच लढाईत कामी आला. त्याच्या शेवटच्या पाकिटावरचा त्रिकोणी शिक्का इतका स्वच्छ, की नागपूरच्या एका शौकिनाने त्याच्या बदल्यात नवी सायकल देऊ केली. नागोराव पायीच टपाल वाटत राहिला.

साठ साली तांड्याला आग लागली. रामसिंगच्या बायकोचे, धनीबाईचे, सगळे कागद जळाले. पुढच्याच वर्षी तिने पेन्शनचा अर्ज केला, तर कचेरीने तिच्याकडे नवऱ्याचा फौजी नंबर मागितला. ती रडतच पोस्टात आली.

"नागोरावभाऊ, नंबर आता मी कोठून आनू?"

नंबर होता. नागोरावाजवळच्या त्याच पाकिटाच्या मागे रामसिंगने स्वतः लिहिलेला. पण कचेरीला नक्कल चालेना, अस्सलच हवं. नागोरावाचा जीव तुटला, खोटं कशाला सांगू? तरी दुसऱ्या दिवशी रजा काढून, पाकीट घेऊन तो एकटाच यवतमाळच्या कचेरीत गेला.

बाबूने नंबर उतरवून घेतला, पाकीट कायमचं फायलीत लावलं आणि दाभणाने आरपार भोक पाडून दोरी ओवली. नेमकं त्रिकोणी शिक्क्यातून. "अहो!" एवढंच नागोरावाच्या तोंडून निघालं.

पेन्शन मंजूर झाली. पहिली मनिऑर्डर तोच तांड्यावर घेऊन गेला. धनीबाईने अंगठा उठवला, पण नोटांना हात लावेना.

"तुया कागद वापस भेटला का, भाऊ? मायापायी तो गेला असन, त हे पैसे मले गोड नाही लागनार."

"भेटला ना बाई, तवाच भेटला," नागोराव म्हणाला. "पेटीत हाय. तू पैसे मोजून घे."

तिने नोटा मोजल्या, पदराला गाठ मारली आणि त्याच्यासाठी चहा टाकायला उठली.