वेशीवरच्या बाबाची मिशी

माण तालुक्यातल्या आमच्या गावाच्या वेशीवर एक वीरगळ आहे. गावाची गुरं पळवायला आलेल्यांशी लढून मेलेल्या वीराचा दगड. गाव त्याला 'बाबा' म्हणतं. नाक-हनुवटी फुटलेली, अंगावर शेंदराचे थर आणि दर जत्रेआधी ऑइलपेंटनं नव्यानं काढलेली मिशी. बाबा वरच्या आळीचा पूर्वज की खालच्या, यावर जत्रेतला पहिला नारळ कुणी फोडायचा हे ठरायचं, आणि ते कधीच भांडणाशिवाय ठरलं नाही.

आम्ही वरच्या आळीचे. वडील फौजेतून हवालदार होऊन परतले आणि पुढची सगळी लढाई या नारळासाठी लढले. "आपल्या घराण्याची मिशी बघ आन् बाबाची बघ," असं येईल त्याला सांगायचे. ती मिशी आमच्याच चुलत्यानं रंगवलेली असायची, पण त्यानं पुराव्याला काही बाध येत नसे.

गेल्या वर्षी सांगलीहून एक मुलगी आली. फुटकी शिल्पं कॉम्प्युटरवर पुन्हा अखंड करायचं तिचं काम. तिनं बाबाचे चारी बाजूंनी फोटो घेतले. वडिलांनी तिला जेवू घातलं आणि स्वतःचा वर्दीतला फोटो हातात ठेवला. "नाक बसवताना उपेगी पडंल." खालच्या आळीला हे कळलं, तसे त्यांच्याही आजोबा-पणजोबांचे फोटो आले. संध्याकाळपर्यंत तिच्याकडे अख्ख्या पलटणीला पुरतील एवढी नाकं जमली.

महिन्याभरानं तिनं पंचायतीत पडद्यावर चित्र दाखवलं. "रंग काढून नुसता दगडाचा आकार दाखवते," म्हणाली. रंगाबरोबर मिशी गेली. उरली हातातली तलवार, मनगटभर बांगड्या, मानेवरचा अंबाडा, आणि अंगाचा जो बांधा दिसला त्यावर बोलायला कुणी धजेना.

"ही बाई आहे," मुलगी म्हणाली.

वडीलच आधी सावरले. "बांगड्या काढून मिशी बसवा की. कॉम्प्युटरला काय अवघड हाय?"

"काका, तुटलेलं जोडता येतं. नव्हतंच ते कुठून आणू?"

मग काय, दोन्ही आळ्यांना एकाएकी औदार्याचं भरतं आलं. खालचे म्हणाले, बाबा तुमचाच, आमचा कवाच न्हवता. आमचे म्हणाले, छे, आमच्यात बायका तलवार धरत न्हाईत, तुमच्यात धरत आसत्याल. ज्याच्यासाठी डोकी फुटली होती, तो पूर्वज आता एकमेकांच्या गळ्यात घालायला लागले. वडील तर दोन दिवस जेवले नाहीत. मला त्यांची कीव आली आणि त्याहून जास्त राग आला. मी त्यांची एकुलती एक लेक. बाई निघाली म्हणून त्यांनी धरलेलं सुतक मला फार लागलं.

जत्रा आली. गुरव पहिला नारळ हातात घेऊन उभा राहिला आणि पुढं कुणीच येईना. वडील जमिनीकडे बघत होते. तेव्हा बायकांच्या घोळक्यातून माझी आई निघाली आणि तिनं गुरवाच्या हातातनं नारळ घेतला.

"अगं, तुजा काय संबंध?" वडील कळवळले. "तू तर ह्या गावची बी न्हाईस."

"आवं, ती तरी कुठं ह्या गावची आसंल?" आई म्हणाली. "आली आसंल लगीन हून, माज्यासारखी."

आणि पहिल्याच फटक्यात तिनं नारळ फोडला.