हनुवटीवरचा पदर

चैत्रातल्या एका बाजाराच्या दिवशी मी पालाचे बांबू मुद्दाम घरी ठेवून गेलो. विसरलो नाही. गोठ्याच्या भिंतीला ते टेकवून ठेवले, त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि गाडी चालू केली. डॉक्टरांनी बायकोला पंधरा दिवस ऊन लागू देऊ नका म्हणून सांगितलं होतं. ते सांगत होते तेव्हा मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेला होतो. म्हणजे मला माहीत नव्हतं, असंही म्हणायची सोय नाही.

आम्ही वर्धा जिल्ह्यात सिंदी रेल्वे गावाच्या बाजूला राहतो. भाजीपाला पिकवतो आणि आठवडी बाजारात स्वतः बसून विकतो. वांगी, भेंडी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. तराजू तिच्या हातात असतो, ओझी उचलायचं काम माझ्याकडे. बाजारात डोक्यावर ताडपत्रीचं पाल ताणल्याशिवाय उन्हाळ्यात कुणी बसत नाही. बसूच शकत नाही.

माझी बायको बोलताना तोंडावर पदर धरायची. खालच्या ओठापासून गळ्यापर्यंत सगळं झाकलेलं. लग्नाला बावीस वर्षं झाली, त्यातली जवळजवळ सगळी ती अशीच. मला वाटायचं, ही तिची मर्यादा. चारचौघांत मी ते सांगायचोही. आमच्या घरची बाई बाजारात बसली तरी तोंड उघडं टाकत नाही, असं. त्या पदराचा मला फार अभिमान होता.

मग एक दिवस न्हाणीत गुलाबी मुठीचं रेझर दिसलं. मुलगा पुण्याला शिकतो, घरात आम्ही दोघंच. ते घेऊन मी छपरीत आलो. ती मेथीच्या जुड्या बांधत बसली होती.

"हे कोनाचं हाय?"

"माह्यं."

"तुले कायले लागते वं रेझर?"

तिनं मान वर केली नाही. "डॉक्टरनं सांगतलं. आता दोऱ्यानं काढाचं नाई म्हने. मूळ आतमंदी राह्यलं पाह्यजे, तवाच लेझर त्याले जाळते."

कोणता डॉक्टर, कसलं मूळ, काय जाळायचं, मला काहीच समजेना. मग तिनं जुड्या बांधता बांधता सगळं सांगितलं. मुलगा झाल्यानंतर तिच्या हनुवटीवर आणि जबड्याखाली जाड काळे केस यायला लागले. दर दोन दिवसांनी मी उठायच्या आत ती गोठ्याच्या दारात उजेडाकडे तोंड करून बसायची आणि दोऱ्याचं एक टोक दातात धरून ते उपटायची. वीस वर्षं. उपटलेल्या जागी पुरळ यायचं, म्हणून पदर. तिची धाकटी बहीण वर्ध्याला एका त्वचेच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. तीच तिला घेऊन गेली होती आणि लेझरचं एक सिटिंग झालंही होतं.

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"तुम्ही कधी पाह्यलं?" ती म्हणाली. एवढंच. रागानंही नाही.

दुसऱ्या सिटिंगला मी हट्टानं सोबत गेलो. बाहेर बाकावर एक शिक्षिका बसल्या होत्या. आयुष्यभर फळ्यासमोर उभ्या राहून पोटऱ्यांवर निळ्या शिरा फुगल्या, त्या लेझरनं बुजवायला आलेल्या. शेजारी एका व्यापाऱ्याची बायको होती, तिला मानेची सैल पडलेली कातडी घट्ट करून घ्यायची होती. मी मनात त्यांना हसत होतो. तेवढ्यात आतून डॉक्टरांचं "मुंगी चावल्यासारखं वाटेल" आणि त्यावर माझ्या बायकोचा आवाज आला.

"मुंगी कायची बाप्पा, चांगला डोंगळा चावल्यावानी लागते!"

डॉक्टर हसले आणि पाठोपाठ ती हसली. मोकळं, तोंड भरून. असं हसणं मी घरात ऐकलं नव्हतं. मग डॉक्टरांनी विचारलं, "ताई, दिवसातून किती वेळा हात जातो हो हनुवटीकडे?"

"मोजलं नाई. जागी असली का जातेच."

हे ती त्या तरुण माणसाला दहा मिनिटांत सांगत होती. त्याच्याबद्दल मला वावगा संशय कधीच आला नाही, हे खरं सांगतो. पण त्यानं दिव्याखाली, डोळ्यांवर चष्मा लावून, माझ्या बायकोचा चेहरा माझ्यापेक्षा नीट पाहिला होता आणि तिनं तो पाहू दिला होता. बाकावर बसल्या बसल्या माझ्या पोटात जळायला लागलं. तिथून ते थांबलंच नाही.

तिसऱ्या सिटिंगनंतर केस विरळ झाले, पुरळ गेलं, आणि बाजारात पदर खांद्यावर राहायला लागला. एक गिऱ्हाईक म्हणालं, "काकू, सांबार फुकट टाका थोडा." ही म्हणाली, "फुकट खाचं असन तं सासरवाडीले जा बाप्पा!" आजूबाजूचे सगळे हसले. आमच्या बाजूला कांदे विकणारी बाई मला म्हणाली, "भाऊजी, थे तं बारा वर्षांनं लहान दिसून राह्यली. सांभाळजा हो!"

मीही हसलो. घरी येऊन आरशात पाहिलं, तर पांढरे खुंट आणि डोळ्यांखाली पिशव्या. जो हसरा चेहरा पाहून मला आनंद व्हायला हवा होता, तो मला माझ्या हातून काढून घेतल्यासारखा वाटत होता. भाजी घेणाऱ्या माणसाकडे ती पाहून बोलली, तरी तिनं जास्त तर टाकलं नाही ना, म्हणून मी तराजूकडे बघायचो. फोनवर बहिणीशी बोलताना हसली, तर मी विनाकारण बैलाला ओरडायचो.

चौथ्या सिटिंगला डॉक्टरांनी मला आत बोलावलं. "कातडी आता नाजूक आहे. पंधरा दिवस ऊन नको, नाहीतर डाग पडतील. ताई ऐकणार नाहीत, तुम्ही लक्ष ठेवा, काका."

तिला ताई आणि मला काका!

चौथ्या दिवशी बाजार होता. गाडीतून टोपल्या उतरवल्यावर ती इकडे तिकडे पाहायला लागली. "पाल कुठं हाय?"

"ताडपत्री हाय. बांबू राह्यले घरी."

"मंग तुम्ही बसा, मी जाते वापस."

"गिऱ्हाईक आता तुह्याचसाठी येते. मी बसून काय करू?"

ती पिशवीतली ओढणी काढून नाकापर्यंत घट्ट बांधायला लागली. आणि मी, कांदेवालीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालो, "आता कायले झाकते? दाखवासाठीच केलं ना सारं?"

कांदेवालीचा हात टोपलीतच थांबला. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मग ओढणीची गाठ सोडली, नीट चौघडी घातली, बुडाखाली ठेवली आणि तराजू हातात घेतला.

अकरापासून चारपर्यंत ती तशीच बसली. मला कुणाकडूनही छत्री मागता आली असती. मी चहाच्या टपरीच्या सावलीत जाऊन बसलो. तिथून ती दिसत होती. एकदाही तिनं तोंडासमोर हात धरला नाही. तिला हट्ट करायचा तर करू दे, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं तर दर पाच मिनिटांनी मी सूर्याकडे पाहत होतो.

तिसऱ्या दिवशी डाव्या जबड्यावर आणि हनुवटीवर पोळी करपल्यासारखे डाग उठले. दवाखान्यात डॉक्टरांनी दिवा जवळ आणला. "उन्हात बसलात?"

"हाव," ती म्हणाली. "मीच बसली. ध्यान नाई राह्यलं."

मी हातातल्या कागदाकडे पाहत राहिलो. डाग फिके होईपर्यंत लेझर बंद, चार-पाच महिने तरी लागतील आणि काही डाग कदाचित राहतीलही, असं डॉक्टर म्हणाले. मधल्या काळात दोराही नको, रेझरही नको. बाहेर काउंटरवर तिच्या बहिणीनं तिलाच फैलावर घेतलं. "अक्कल नाई का वं तुले? एवढं समजावून सांगतलं होतं!" ही खाली मान घालून ऐकत होती. मी बाजूला चपला घालत होतो. एक चप्पल घालायला किती वेळ लागतो? मी तेवढा लावला.

पदर परत हनुवटीवर आला. आता त्याच्याखाली केसही होते आणि डागही. गिऱ्हाईक थट्टा करायचं, ती पदराआडून भाव तेवढा सांगायची. बहिणीचा फोन आला की "बरी हाय" म्हणून ठेवून द्यायची. बायकोनं बाजारात तोंड झाकून बसावं, असं मला वाटत होतं ना? बसली होती. मला तिच्या शेजारी पोतं टाकून बसणंही जड व्हायला लागलं.

बोलायला मला दोन महिने लागले. रोज ठरवायचो आणि रोज जेवून उठायचो. शेवटी एका दुपारी ती मिरच्यांची देठं खुडत होती. मी समोर बसलो, चार देठं खुडली आणि म्हणालो, "त्या दिवशी बाजारात माह्यं काई चुकलं असन तं..."

"असन तं?" ती म्हणाली. "बोललेलं आठोत नाई का तुमाले?"

"आठोते."

"मंग असन तं कायले म्हनता?"

मी पुन्हा दोन देठं खुडली. "बांबू इसरलो नव्हतो मी. गोठ्यापाशी ठेवले. जानून."

तिचे हात थांबले. बोलण्याचं तिला माहीत होतं, बांबूंचं माहीत नव्हतं. तिनं ते कधी मनातही आणलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. तिचा पदर घसरला आणि तिला तो सावरायचं सुचलं नाही.

"काऊन?" तिनं विचारलं.

कामाची घाई होती, उन्हाचा त्रास होता, डोकं फिरलं होतं, अशी दोन-तीन उत्तरं मी गेले दोन महिने घोकून ठेवली होती. त्यातलं एकही तोंडात आलं नाही.

"तू हासली का माह्यं पोट जळे," मी म्हणालो. "मी तुह्याकडं कधी पाह्यलं नाई, अन् दुसऱ्यानं पाह्यलं थे मले सहन नाई झालं. डाग मी पाडले. उद्या वर्ध्याले जाऊ. डॉक्टरले अन् तुह्या बहिनीले माह्या तोंडानं सांगतो, का तुह्यी काई चूक नव्हती. तू माफ कर नाई तं नको करू, पन मले मान्य हाय. मी जानून केलं. माफ कर मले."