ताकाचं आळं

फेन्ना वोल्टहाउसला सायकलवाले आवडत नाहीत. ती स्वतः शाळेत सायकलवर गेली, चर्चमध्ये सायकलवर गेली, दिवस भरत आले तेव्हा सुईणीकडेही सायकलवरच गेली, तेव्हा राग सायकलीवर नाही. राग आहे तो दर शनिवारी शहरातून येणाऱ्या, अंगाला चिकटलेल्या रंगीबेरंगी कपड्यांतल्या पोटसुट्या मंडळींवर. समुद्राच्या बांधाला लागून तिची छोटी खानावळ आहे. तिच्या दारात ही माणसं अशा थाटात उतरतात, जणू लढाई मारून आलीत. "रस्ता सपाट, वारा पाठीवर, आणि म्हणे दमलो," ती बशा पुसता पुसता म्हणते. त्यांना ऐकू जाईल अशा बेतानंच म्हणते.

तिची आई याच चुलीवर बटाटे घोटायची. उकडलेले बटाटे, त्यात गाजर-कांदा नाहीतर कसलासा पाला, मूठभर लोणी, आणि लोखंडी घोटणीनं दे दणादण. हा आमचा स्टॅम्पपॉट. वर धुरी दिलेलं सॉसेज ठेवायचं, मधोमध चमच्याच्या पाठीनं आळं करायचं आणि त्यात मांसाचा तपकिरी रस्सा ओतायचा. इथल्या पोराला चमचा नीट धरता येत नाही, पण आळं करता येतं. खाणं मात्र थंडीतलं. उन्हाळ्यात कुणी मागितलं, तर फेन्ना त्याला विचारायची, "ताप आलाय का तुला?"

आणि याच बाईनं यंदा जूनमध्ये दाराबाहेर फळा लावला. 'उन्हाळी स्टॅम्पपॉट. हलका. सायकलस्वारांसाठी.'

गावाला आयतं हसायला मिळालं. शेजारचा मेंढ्यावाला एप्पो फळ्यासमोर उभा राहून पुन्हा पुन्हा वाचत होता.

"फेन्ना, हे काय आजाऱ्याचं जेवण काढलंस?"

"सशाचं."

"आणि घातलंयस काय त्यात?"

"नवे बटाटे, सालासकट. लोण्याऐवजी ताक. कच्चा कडू पाला, मुळा, आंबट सफरचंद. सॉसेजच्या जागी धुरातला बांगडा. चव लागलीच तर ती बटाट्याची चूक समज."

"मग करतेस कशाला?"

"शहरातली माणसं गवतालाही पैसे देतात, मग मी का सोडू?" असं म्हणून तिनं एप्पोला वाटेला लावलं.

खरं कारण घरात बसलं होतं. त्याचं नाव वुब्बो, तिचा नवरा. जन्मभर कोळंबीच्या होडीवर गेलेला, लाटेला न भ्यालेला, आणि अक्कल त्याच होडीवर विसरून आलेला. हिवाळ्यात त्याच्या छातीत कळ आली. डॉक्टरनं लोणी, चरबी, रस्सा, सगळ्यावर फुली मारली. "मिसरूड न फुटलेलं पोरगं मला जेवायला शिकवणार?" असं वुब्बो इस्पितळाच्या पायरीवरच म्हणाला. फेन्नानं लोणी कमी केलं की साहेब ताट सरकवायचे आणि एप्पोकडे जाऊन डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे हाणून यायचे. डॉक्टरचं एकच त्यानं ऐकलं, ते म्हणजे सायकल. तीही घेतली शर्यतीची, आणि वर ते चिकट कपडे. फेन्नानं त्याला त्या कपड्यांत पहिल्यांदा पाहिलं आणि ती म्हणाली, "सॉसेज भरून तयार आहे, फक्त धुरी द्यायची राहिली."

पण तिनं एक गोष्ट हेरली. शनिवारच्या टोळीत आपली गणना व्हावी म्हणून हा म्हातारा काय वाट्टेल ते करायला तयार होता. तब्येतीसाठी खा म्हटलं असतं तर त्यानं ताट भिंतीवर फेकलं असतं. आणि तिला भीती वाटत होती, सरळ सांगायचं तर. रोज सकाळी चूल पेटवण्याआधी ती त्याच्या खाटेपाशी थांबायची, पांघरूण हललेलं दिसेपर्यंत. मग "घोरतोय मेला" म्हणून कामाला लागायची.

शनिवारी टोळी आली. टोळीचा म्होरक्या राइंडर, शहरातला दातांचा डॉक्टर, सगळ्यांच्या वतीनं म्हणाला, "फेन्नाबाई, तो हलका प्रकार सगळ्यांना." वुब्बो त्याच्या शेजारीच, लालबुंद होऊन बसला होता.

"तुला नाही," फेन्ना त्याला म्हणाली. "ते खऱ्या सायकलवाल्यांचं आहे. तुला मांसाचे गोळे आणते, रश्श्यातले."

बोलून गेली खरी, पण तो हो म्हणाला असता तर खेळ खलास होता.

वुब्बोनं टेबलाभोवती नजर फिरवली. "मी काय बैलगाडीतून आलो? आण मलाही तेच."

ताटं गेली. फेन्ना दाराच्या चौकटीत उभी राहिली, तोंडावर तुच्छता आणि डोळे वुब्बोच्या ताटावर. तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण ठार मूर्ख आहोत. कारण टेबलावरच्या झाडून साऱ्यांनी, गप्पा न थांबवता, चमचा पालथा केला आणि बटाट्यात आळं केलं. राइंडरनं केलं, वुब्बोनं केलं. आणि मग रिकाम्या आळ्याकडे बघत सगळे चमचे हवेत धरून बसले. शहाण्या बाईनं लोणी काढलं, चरबी काढली, सॉसेज काढलं, पण आळ्यात काय ओतायचं याचा विचारच केला नव्हता.

"फेन्ना," वुब्बोनं हाक मारली, "रस्सा."

चुलीवर रश्श्याचं पातेलं होतंच, गोळ्यांचं. वास बाहेरपर्यंत येत होता. तिनं रस्सा वाढायचं रिकामं भांडं घेतलं, पातेल्याकडे पाठ करून ती फडताळाकडे वळली, उरलेलं ताक त्यात ओतलं, वर कांद्याची पात चिरून टाकली, मीठ टाकलं, आणि ते भांडं घेऊन ताठ मानेनं बाहेर आली. एकेकाच्या आळ्यात ओतत गेली. शेवटी वुब्बोच्या.

त्यानं एक चमचा खाल्ला. मग मान वर करून तिच्याकडे बघितलं. होडीवर जन्म गेलेल्या माणसाला वारा कुठून येतो ते कळतं, बायकोचं कळायला त्याला एवढी वर्षं लागली.

"पातळ झालाय तुझा रस्सा," तो म्हणाला.

"सायकलवाल्यांना तसाच लागतो."

त्यानं ताट मात्र साफ केलं. टोळी निघाली तशी तोही निघाला, वळूनही न बघता. फेन्ना उरलेला दिवस भांड्यांवर राग काढत राहिली. समजलंय त्याला, आता उद्यापासून हा एप्पोच्याच घरी जेवणार, असं तिनं मनाशी धरलं.

रविवारी खानावळ बंद असते. सायकलवाले नाहीत, गिऱ्हाईक नाही. वुब्बो घरातल्या लाकडी खडावा घालून, जुन्या लोकरी बनियनवर जेवायला बसला. फेन्नानं त्याच्यापुढे बटाटे वाढले, आणि बाजूला रश्श्याचं भांडं ठेवलं, कालच्याच गोळ्यांच्या रश्श्याचं. भांडायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

वुब्बोनं चमचा पालथा केला, नीट, गोल आळं केलं. रश्श्याचं भांडं त्यानं उचललं आणि तिच्या पुढ्यात ठेवलं.

"ताक कुठंय?"

"ते सायकलवाल्यांचं आहे," फेन्ना म्हणाली.

"मला ठाऊक आहे कुणाचं आहे ते," वुब्बो म्हणाला. "आण. आणि उद्या सकाळी माझ्या खाटेपाशी उभी राहू नकोस. मी जागाच असतो."