भुवयांचा नकार

जॉर्डनमधल्या इर्बिद शहरातल्या रहाफला प्रोग्रामरच्या नोकरीसाठी दुसऱ्या कंपनीनंही नाकारलं. उत्तरं बरोबर होती, पण मुलगी तुसडी वाटली म्हणे. परदेशी साहेबानं पडद्यावरून विचारलं, "हा कोड चालेल?" तिनं आपल्या मुलखाच्या रीतीप्रमाणे भुवया उडवून नुसतं 'च्च' केलं. म्हणजे नाही. साहेबाला वाटलं, पोरगी वैतागली.

उद्या तिसरी मुलाखत. मुलुखियाची भाजी निवडता निवडता आजीच साहेब झाली.

"हा कोड चालेल का गं?"

"नाही, साहेब. कारण तो फार वेळ खातो."

"शाब्बास! चहा घेतेस?"

दमलेल्या रहाफच्या भुवया वर गेल्या. "च्च."

"मेले, झालीस नापास! तोंडानं बोल."

"नको, साहेब. कारण मला झोप हवीय."